स्कॅनमधला मेंदू ‘उजळत’ नाही

‘शब्द ऐकताच मेंदूतलं भाषेचं केंद्र असं उजळतं’ ही ओळ आणि सोबत लाल-पिवळे ठिपके असलेलं मेंदूचं चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. चित्र खरं असेलही, पण ओळ चुकीची आहे. ते रंग नंतर संगणकावर भरलेले असतात.

अशी चित्रं ज्यातून मिळतात ते एफएमआरआय (मेंदूचं चुंबकीय स्कॅन) यंत्र विचार टिपत नाही, चेतापेशींचे विद्युतसंकेतही नाही. ते टिपतं रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल. पेशी कामाला लागल्या की तिकडे जास्त रक्त धावतं, पण हा बदल शिगेला पोचायला ५-६ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण वाक्य ऐकून उलट उत्तरही दिलेलं असतं!

शिवाय मेंदू सगळाच सतत चालू असतो. रंग दाखवतात तो दोन अवस्थांमधला सांख्यिकी फरक, उदाहरणार्थ अर्थपूर्ण वाक्य आणि निरर्थक आवाज ऐकताना. गणित ढिलं ठेवलं तर काय होतं? २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमधल्या मेलेल्या सामन माशाला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’, तर त्याच्याही मेंदूत ‘सक्रिय’ ठिपके निघाले. हजारो ठिकाणं एकाच वेळी तपासताना निव्वळ योगायोगाने निघणारे ठिपके वगळणारं दुरुस्तीचं गणित लावताच ते गायब.

वेळ मोजायला ईईजी (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूचे विद्युतसंकेत टिपणारी चाचणी) बरा. ‘तिने ताटात गरम मोजे वाढले’ अशा वाक्यात विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण (निगेटिव्ह) विद्युतलहर दिसते. कुटास आणि हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ती नोंदवली. मात्र ती मेंदूत नेमकी कुठून उठली, हे ईईजी धड सांगू शकत नाही.