हळद पोटात जाते, रक्तात फारशी पोचत नाही

हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, संधिवातापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर इलाज सापडला. या दाव्यांमागे एकच रेणू असतो, करक्युमिन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तो टाकला, तर दाह वाढवणारे संकेत खरोखर मंदावतात. पण पेशींवर टाकणं वेगळं आणि गिळणं वेगळं.

हळदीच्या भुकटीत करक्युमिन वजनाने जेमतेम तीन टक्के. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून थोडंच शोषलं जातं. जे शोषलं जातं त्याची गाठ आतड्याच्या अस्तरातल्या आणि यकृतातल्या विकरांशी (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमांशी) पडते, आणि हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. करक्युमिनच्या रेणूच्या दोन्ही बाजूंच्या वलयांवर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असते. विकर नेमकं तिथेच ग्लुक्युरॉनिक आम्ल, म्हणजे ग्लुकोज साखरेपासून बनलेला एक रेणू, जोडतं. जोडणी झाली की रेणू पाण्यात विरघळतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर टाकता येतो. परक्या रेणूंना घालवण्याची शरीराची ही नेहमीची रीत. पॅरासिटामॉलही बरंचसं याच वाटेने जातं.

मिऱ्यातलं पायपरीन हीच जोडणी अडवतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा करक्युमिनची रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा जाहिरातीत ठळक छापतात. मूळ पातळी जवळपास शून्य होती, हे छापत नाहीत.

‘अमेरिकेलाही हळदीपुढे झुकावं लागलं’ हा संदेशही सतत फिरतो. १९९५ मध्ये जखमेवरच्या हळदीला अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तो मोलाचा विजय होता. मात्र तिथे सिद्ध झालं ते इतकंच की हा वापर जुना आहे. हळद किती गुणकारी, हा प्रश्न तिथे नव्हताच.

गुडघेदुखीत करक्युमिनने थोडा आराम पडल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे. तेवढ्यावर कॅप्सूल सुरू करू नयेत. पायपरीन इतर औषधांचा निचराही मंदावू शकतं. मोठ्या मात्रेच्या हळद-कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत, आणि त्यांतल्या काही कॅप्सूलमध्ये पायपरीन होतं. रोजच्या जेवणातल्या चिमूटभर हळदीबद्दल अशी भीती बाळगायचं कारण नाही.