वॉटसन हॉटेल (एस्प्लनेड मॅन्शन)

मुंबईत काळा घोडा भागात उभी असलेली बिडाच्या सांगाड्याची पाच मजली इमारत. बांधकाम साधारणपणे 1867–69. भारतात आजवर टिकलेल्या बहुमजली बिडाच्या इमारतींत ही सर्वांत जुनी मानतात.

जॉन हडसन वॉटसन हा मूळचा कापडविक्रेता. अमेरिकी यादवी युद्धामुळे (1861–65) तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडून एस्प्लनेडची, म्हणजे तटाबाहेरच्या मैदानाची, जमीन मोकळी होत होती. 1864 च्या लिलावात वॉटसनने चौरस वाराला 110 रुपये मोजले. हा दर तेजीच्या ऐन भरातला. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. इमारत मुळात हॉटेलसाठीच योजली होती की कापडाचे दालन आणि कचेऱ्यांसाठी, यावर मतभेद आहेत. मालकाचा धंदा पाहता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. हॉटेलच्या कीर्तीपुढे दुकानाचा मात्र विसर पडला.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याचा. बिडाचे खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि इथे बोल्टांनी जोडल्या. भार सांगाडा पेलतो. विटांच्या भिंती केवळ मधली जागा भरतात. दर्शनी बाजूला प्रत्येक मजल्यावर सलग सज्जे, आत काचेच्या छताचा चौक. या पद्धतीची ही जगातली पहिली इमारत असल्याचा दावा जपून घ्यावा, कारण इंग्लंडमधील शीरनेसचे बोटघर (1858–60) तिच्या आधीचे आहे. रहिवासी वापराची, असे विशेषण जोडल्यास दावा काहीसा तग धरतो.

हॉटेल 1871 मध्ये सुरू झाले. खोल्या सुमारे 130. मार्क ट्वेन 1896 मध्ये येथे उतरला होता. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिए या फ्रेंच बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. तिकीट एक रुपया. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ‘ताज’ (1903) बांधले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला समकालीन आधार नाही.

हॉटेल बंद पडल्याचा काळ 1920 च्या दशकापासून 1960 च्या दशकापर्यंत वेगवेगळा दिला जातो. इमारतीला काही काळ महेंद्र मॅन्शन हे नाव होते. पुढे खोल्यांचे लाकडी फळ्यांनी तुकडे पाडून ते भाड्याने दिले गेले. शेजारीच न्यायालय असल्याने वकिलांच्या कचेऱ्या आणि झेरॉक्सची दुकाने वाढली.

2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. 2006 साठीच्या जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील 100 स्थळांच्या यादीत इमारतीचा समावेश होता. 2019 मध्ये भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली, तर जतनतज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते, असे मत दिले.