ऑलिम्पिक रॉड की साधा रॉड: घरच्या जिमसाठी नक्की कोणता घ्यायचा?

घरी जिम करायची म्हटलं की सगळे वजनं किती किलोची घ्यायची यावरच बोलतात, रॉडकडे कोणी बघत नाही, आणि तिथेच गडबड होते. दोन्ही रॉड लांबून सारखेच दिसतात. फरक टोकाला असतो.

ऑलिम्पिक रॉडची टोकं, म्हणजे जिथे प्लेट (वजनाच्या गोल चकत्या) सरकवतो तो भाग, 50 मिमी जाड असतो, हातात धरायचा भाग मात्र 28 मिमीच्या आसपास. साधा रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा, साधारण 25 ते 28 मिमी. त्यामुळे एकाच्या प्लेट दुसऱ्याला बसत नाहीत. मोठ्या भोकाची प्लेट साध्या रॉडवर टाकून बघा, ती तिरकी लटकते आणि रॉड उचलला की खडखड हलते, अशाने व्यायाम करूच नका. त्यासाठी मधे घालायचे अडॅप्टर मिळतात, पण उलटं काहीच करता येत नाही, बारीक भोकात जाड टोक जाणारच नाही. म्हणून जुन्या प्लेट घेताना आधी पट्टी लावून भोक मोजा, विकणारा तोंडाने काय सांगतो त्यावर जाऊ नका.

वजनाचा हिशोबही वेगळा. पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड 20 किलोचा आणि 2.2 मीटर लांब, महिलांचा 15 किलोचा. साधा रॉड बहुतेक 6 ते 10 किलोत येतो. म्हणजे दोन्हीकडे 10-10 किलो लावले तर ऑलिम्पिकवर 40 होतात आणि 8 किलोच्या साध्या रॉडवर 28च, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याचा रॉड कोणता ते विचारा. आपला रॉड तर काट्यावर ठेवूनच बघा.

अजून एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑलिम्पिक रॉडची टोकं मधल्या दांड्यापासून वेगळी फिरतात. क्लीनसारख्या प्रकारात रॉड झटक्यात वर घेऊन मनगट वळवतो तेव्हा प्लेट आपल्या जागी राहतात आणि मनगटावर पीळ येत नाही. साध्या रॉडवर हे प्रकार मी तरी करू देणार नाही कोणाला.

रॅक, म्हणजे रॉड टेकवून ठेवायचा स्टँड, घ्यायचा असेल तर त्याची रुंदीही बघा. पाच फुटी साधा रॉड बऱ्याच रॅकवर नीट टेकत नाही, टेकला तरी प्लेट लावायला बाहेर जागा उरत नाही.

पण साधा रॉड वाईट अजिबात नाही हां. खोली लहान असेल, कर्ल, रोइंग, खांद्याचे व्यायाम एवढंच करायचं असेल तर तो हाताळायला सोपा, भिंतीला धडकत नाही. टोकाला आटे आणि नट असलेला असेल तर प्रत्येक सेटआधी नट परत आवळा, तो हळूहळू सैल होतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट मनापासून वाढवायचं ठरलंय त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी 50 मिमीवाला घ्या, भले प्लेट सुरुवातीला दोनच असोत, पुढच्या प्लेट हळूहळू त्याच भोकाच्या जमवता येतात.