शीड (छोट्या होडीचं): निवड आणि बदल

शीड म्हणजे वाऱ्यावर होडी चालवणारं कापड, पण नुसतं सपाट कापड नाही, त्याचे पट्टे वळणदार कापून शिवताना त्याला पोट दिलेलं असतं आणि खरं काम ते पोटच करतं. पंचवीस-तीस फुटी, आत झोपायची सोय असलेल्या होडीला साधारण दोन शिडं लागतात, डोलकाठीमागचं मेन आणि पुढचं जिब. जिब डोलकाठीच्याही मागे पोचेल एवढं मोठं असलं की तेच जेनोआ.

पूर्वी शिडं सुती असायची. १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हाही बऱ्याच ठिकाणी तेच चालायचं, पण सूत ताणलं जातं, ओलं राहिलं की कुजतं, मग १९५० च्या दशकात पॉलिएस्टर आलं (लोक डॅक्रॉनच म्हणतात) आणि सुताचा खेळ संपला. आपण कापसाच्या मुलखातले, जरा टोचतं, पण खरंय. फिरस्तीच्या होडीला आजही डॅक्रॉनच बरं. लॅमिनेट (पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेलं कापड) हलकं असतं, आकार छान धरतं, पण लवकर थर सुटतात, ते रेसवाल्यांसाठी.

शीड फाटलं की बदलायचं, असं बहुतेकांना वाटतं. पण फाटायच्या कितीतरी आधी त्याचा आकार जातो, पोट मागे सरकतं, मग होडी कलते जास्त आणि पळते कमी, वाऱ्याच्या तोंडावर पूर्वीसारखी चढत नाही. कापड धड दिसतं म्हणून माणूस वर्षानुवर्षं तेच ओढत बसतो.

दुसरा शत्रू ऊन. अंगणातली हिरवी नेट आपल्याकडच्या ४५ डिग्रीत दोन उन्हाळ्यांत कशी हातात भुरभुरते, तसंच इथं, फक्त आधी दोरा जातो कारण तो कापडाच्या वर उघडा असतो. शिवणीवर नखानं जोरात खरवडून पाहा, दोरा पटकन तुटला आणि कापड चिवट असलं तर नुसती नवी शिवण पुरते. गुंडाळून ठेवायच्या जेनोआच्या कडेला उन्हासाठी वेगळी पट्टी असते, ती सडली तर पट्टी बदला, शीड नाही. भोक मात्र ताडपत्रीवाल्याकडून बुजवून घेता येईल, पोट देणं त्याचं काम नाही.

नवं मागवताना माप आपल्या होडीवर चढून घ्यायचं, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या होडीचं चालत नाही, कोणीतरी आधी डोलकाठी बदललेली असते. शीड मुंबईहून मागवलं तर इथून, नागपुरातून, ते ७००-८०० किलोमीटर, चार इंच चुकलं तर ट्रान्सपोर्टचा हेलपाटा आपलाच. सेकंडहँड शीड घ्यायचं तर गच्चीवर अंथरून, ताणून तिन्ही कडा स्वतः मोजा. मेनला रीफ (वारा वाढला की शीड बांधून लहान करायच्या ओळी) दोन तरी हवेत, कारण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

वापरून झालं की गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवायचं, वाऱ्यात फडफडत ठेवायचं नाही, त्यानं ते लवकर मरतं, आणि घडी दरवेळी थोडी वेगळ्या जागी.