सर्वोची दोन घराणी

आज एकाच टेबलावर दोन वस्तू शेजारी शेजारी येतात आणि दोन्हींना सर्वो म्हणतात, म्हणजे सांगितलेल्या जागी जाऊन थांबणारी मोटार. एक ९ ग्रॅमची, प्लास्टिकच्या डबीतली, तीन वायरींची. दुसरी जाड फ्लँजची. तिला वेगळा ड्राइव्ह (मोटार चालवणारा नियंत्रक) लागतो आणि एन्कोडरची, म्हणजे जागा मोजणाऱ्या सेन्सरची, स्वतंत्र केबल लागते. छंद म्हणून रोबोट करणारा पहिलीपासून सुरुवात करतो, कामाचं ऑटोमेशन उभं करणारा दुसरीकडे वळतो. गोंधळ होतो तो मधल्या जागेत: एखादा दरवाजा दिवसभर उघडायचा-मिटायचा आहे, कॅमेरा फिरवायचा आहे, छोटा हात सतत वस्तू उचलून ठेवणार आहे. तिथे 'कोणती सर्वो टिकेल?' हा प्रश्न टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, आकड्यावरून सुटत नाही. ही दोन घराणी वेगवेगळ्या कामांसाठी वाढली आहेत. प्रत्येकीने काय गृहीत धरलं होतं, ते कळलं की निवड बरीच सोपी होते.

दोघींचा मूळपुरुष वाफेवर चालत होता. १८६० च्या दशकात जहाजं इतकी मोठी झाली की सुकाणू नुसत्या हातांनी वळवणं अशक्य होऊ लागलं. जे. मॅकफार्लेन ग्रे याने १८६६ मध्ये वाफेच्या सुकाणू यंत्राचं पेटंट घेतलं आणि 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजावर ते बसवलं गेलं. त्यातली खुबी अशी होती की चाक फिरवलं की वाफेची झडप उघडायची, आणि सुकाणू वळत वळत हव्या त्या जागी पोचलं की त्याच्याच हालचालीने ती झडप बंद व्हायची. म्हणजे यंत्र स्वतःची जागा पाहून थांबत होतं. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को याने याच धर्तीवर काम केलं आणि १८७३ मध्ये ते सविस्तर छापून 'सर्वो-मोटर' हे नाव रूढ केलं. आजच्या ९ ग्रॅमच्या डबीतही हेच तत्त्व आहे: हवी ती जागा, असलेली जागा, दोहोंतला फरक, आणि तो फरक मिटेपर्यंत जोर.

हा फरक कसा मिटवायचा, याचं गणित पुढच्या पिढ्यांनी मांडलं. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की याने जहाज आपोआप दिशेवर ठेवण्याच्या प्रश्नातून आज ज्याला पीआयडी म्हणतात त्या नियंत्रणाचं (आत्ताचा फरक, साचलेला फरक आणि फरक बदलण्याचा वेग यांवरून जोर ठरवण्याचं) विश्लेषण केलं. १९३४ मध्ये हॅरॉल्ड हेझन याने सर्वो यंत्रणांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रडार वळवण्यासाठी या विद्येची प्रचंड गरज पडली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४० मध्ये खास सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळा सुरू झाली. तिथेच १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी टेपवरून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. औद्योगिक सर्वोचं घराणं तिथून पुढे मशीन टूल्सच्या (धातू कापणाऱ्या-घडवणाऱ्या यंत्रांच्या) आश्रयाने वाढलं.

त्या आश्रयाने तिला एक सवय लावली: दिवसभर, वर्षानुवर्षं चालायचं आणि मोजमापात चुकायचं नाही. सुरुवातीच्या काळातले जड हायड्रॉलिक सर्वो मागे पडले, १९७० च्या दशकात डीसी सर्वो आल्या. त्यांचे कार्बन ब्रश झिजायचे, म्हणून पुढे ब्रशलेस एसी सर्वो आल्या. १९८० च्या दशकात निओडिमियम चुंबक आल्यावर त्याच आकारात जास्त टॉर्क मिळू लागला. जागा मोजायला ऑप्टिकल किंवा चुंबकीय एन्कोडर आले. १७ बिटांचा एन्कोडर एका फेरीचे १,३१,०७२ भाग करतो, आणि तेही काहीही न घासता. या घराण्याच्या माहितीपत्रकात म्हणूनच दोन टॉर्क छापलेले असतात: सतत देता येईल तो रेटेड टॉर्क, आणि काही क्षणांपुरता पीक टॉर्क, जो बहुधा त्याच्या तिप्पट असतो. रेटेड आकडा उष्णतेवरून ठरवलेला असतो.

छंदाच्या घराण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि निवडीतल्या बहुतेक अडचणी तिच्यातच दडल्या आहेत.

१९३० च्या दशकात हौशी मंडळींनी रेडिओवर मॉडेल विमानं उडवायला सुरुवात केली. तेव्हा विमान वळवणारा पडदा (शेपटीवरची हलती फळी) हलवायला मोटार नव्हती. पीळ दिलेलं रबर आणि एक एस्केपमेंट, म्हणजे त्याचा पीळ एकेका टप्प्याने सोडणारी अटक, असायचं. सिग्नल आला की ते एक टप्पा पुढे सरकायचं. डावीकडे, मध्ये, उजवीकडे. अधलंमधलं काही नाही. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर हाताशी आले आणि 'प्रपोर्शनल' नियंत्रण शक्य झालं, म्हणजे काठी जितकी झुकवाल तितकाच पडदा वळेल. एका रेडिओवरून अनेक सर्वोंना हुकूम पाठवायचे म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा एक पल्स (विजेचा छोटा ठोका) आला, १.५ म्हणजे मध्य, आणि सगळी फेरी सुमारे २० मिलिसेकंदांनी पुन्हा. सर्वोच्या आत एक पोटेन्शिओमीटर (फिरवला की ज्याचा विद्युतरोध बदलतो असा भाग) जागा सांगतो, सर्किट दोहोंची तुलना करतं, मोटार फिरते. इतकी स्वस्त आणि सरळ पद्धत की ती आजपर्यंत टिकली.

पण या पद्धतीत सर्वो परत काहीच कळवत नाही. रेडिओ एकतर्फी होता, आणि परत कळवण्याची गरजही नव्हती, कारण उडवणाऱ्याचे डोळे विमानावर खिळलेले असायचे. पडदा थोडा कमी वळला तर तो काठी जरा जास्त झुकवणार. नियंत्रणाचं बाहेरचं वर्तुळ माणूस पूर्ण करत होता. ऑटोमेशनमध्ये तो माणूसच नसतो. कंट्रोलर ९० अंशांचा पल्स पाठवतो आणि काम झालं असं धरून चालतो. हात अडकला, गिअरचा दात गेला, वायर सुटली, तरी प्रोग्राम पुढे सरकतो. माझ्या मते छंदाची सर्वो ऑटोमेशनमध्ये वापरताना सगळ्यांत मोठा धोका हाच आहे, आणि याच पद्धतीची कितीही महाग सर्वो घेतली तरी तो जात नाही. शेवटच्या जागी एक लिमिट स्विच (भाग तिथे पोचला की दाबलं जाणारं बटण) किंवा सेन्सर लावला की जातो.

बाकी गृहीतकंही उड्डाणाचीच आहेत. विमान थोडा वेळ उडतं, पडदा बहुतेक वेळ मध्याजवळ असतो, वाऱ्याचा झोत मोटारीला थंड ठेवतो. म्हणून माहितीपत्रकात छापायला स्टॉल टॉर्क पुरेसा मानला गेला, म्हणजे मोटार अडून थांबते त्या क्षणीचा टॉर्क. हा आकडा ४.८ आणि ६ व्होल्टला दिलेला असतो, कारण रिसीव्हरला चार किंवा पाच निकेल-कॅडमियम सेल जोडायची पद्धत होती आणि प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. स्टॉलच्या आकड्याइतका भार सर्वोवर ठेवून चालणार नाही. तिथे पूर्ण करंट उष्णतेत जातो. टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या, त्यामुळे भार निम्मा केला की उष्णता पाव होते. सतत धरून ठेवायचं असेल तर छापील आकड्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यातच काम बसवावं. २०० ग्रॅमची वस्तू १५ सेंटीमीटर लांब हातावर आडवी धरली तर हाताचं स्वतःचं वजन सोडून ३ किलो-सेंटीमीटर होतात; त्यासाठी १० ते १२ किलो-सेंटीमीटरची सर्वो शोधणं ही उधळपट्टी नव्हे.

पोटेन्शिओमीटरचंही तसंच. त्याचा घासणारा काटा एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा फिरला की तिथला थर झिजतो, आणि सर्वो नेमक्या त्याच जागी थरथरू लागते. विमानात हे वर्षांनी जाणवायचं. दर काही सेकंदांनी त्याच दोन कोनांमध्ये फिरणाऱ्या यंत्रात ते फार लवकर येतं. अशा कामाला चुंबकीय सेन्सरची सर्वो घ्यावी. धातूचे गिअर हा दुसरा मुद्दा. आघात सोसायला ते चांगले, पण दात झिजून ढिलेपणा वाढतो आणि काही सर्वोंत मोटारीलगतचा एखादा गिअर प्लास्टिकचाच असतो. आउटपुट शाफ्टला बेअरिंग आहे की नुसतं बुश (साधी घासणारी नळी), हे मी गिअरच्या धातूइतकंच महत्त्वाचं मानतो.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआमधून आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आला आणि ही विमानाची सर्वो एकदम सगळ्यांच्या हातात गेली. त्याच्या सर्वो लायब्ररीत (सर्वो चालवायच्या तयार कोडमध्ये) मूळ पल्स ५४४ ते २४०० मायक्रोसेकंद धरले आहेत. अनेक सर्वोंचा आतला अडथळा त्याआधीच लागतो. शून्य अंश सांगितले की सर्वो त्या अडथळ्यावर जोर लावून गुणगुणत राहते, तापते आणि शेवटी जळते. दोष मात्र दर्जाला दिला जातो. नवी सर्वो आली की हळूहळू पल्स वाढवून तिच्या खऱ्या मर्यादा शोधाव्यात आणि त्याच कोडमध्ये लिहाव्यात. वीजपुरवठ्याचंही असंच: मध्यम आकाराची सर्वो अडली की अडीच अँपिअर सहज ओढते, बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर रीसेट होतो. सर्वोला वेगळा पुरवठा द्यावा, फक्त ग्राउंड जोडलेलं ठेवावं.

लोकप्रियतेने नकलाही आणल्या. एकाच लेबलाखाली गिअर, मोटार आणि सर्किट वेगळं निघतं, म्हणून मॉडेल क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही. एकाच खेपेतल्या दोन-चार घेऊन, खऱ्या भाराखाली तासभर चालवून, डबीचं तापमान आणि मध्याची जागा सरकते का ते पाहणं, हीच खात्रीची वाट. बदली सर्वो घेताना शाफ्टचे दातही मोजावेत: फुटाबा कंपनीच्या चालीच्या २५ दातांवर हायटेक कंपनीचा २४ दातांचा हॉर्न (शाफ्टवर बसणारी दांडी) बसत नाही.

गेल्या काही वर्षांत दोन्ही घराण्यांचा संकर झाला आहे. सीरियल बसवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी संदेश नेणाऱ्या सामाईक वायरीवर, चालणाऱ्या स्मार्ट सर्वो आपली जागा, भार, तापमान आणि व्होल्टेज परत कळवतात. एन्कोडर लावलेल्या स्टेपर मोटारी (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या) पायरी चुकली तर ओळखतात. छोट्या ऑटोमेशनला आज मी आधी यांच्याकडेच पाहीन. फक्त एक गोष्ट आधी तपासावी: यातल्या अनेक सर्वो जास्त तापल्या किंवा भार वाढला की स्वतःला वाचवण्यासाठी टॉर्क सोडून देतात. आडव्या फिरणाऱ्या यंत्रात ते ठीक आहे. उभ्या अक्षावर मात्र हात वजनासकट खाली येतो, म्हणून तिथे प्रतिभार, स्प्रिंग किंवा वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक हवा. औद्योगिक सर्वोत असा ब्रेक मागवता येतो. तो थांबलेला अक्ष धरून ठेवण्यासाठी असतो, चालता अक्ष रोज त्यावर थांबवला तर त्याचं अस्तर लवकर संपतं.