स्विलोवा, येलिझावेता

(५ सप्टेंबर १९०० – ११ नोव्हेंबर १९७५). सोव्हिएत अनुबोधपटांच्या संकलक व दिग्दर्शिका. सोव्हिएत अनुबोधपट-दिग्दर्शक झिगा वेर्तोव यांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी करून दिली जाते. वेर्तोव यांच्या नावावर जमा असलेले बरेचसे काम मात्र त्यांच्याच कात्रीखालून गेलेले आहे.

मॉस्कोतल्या रेल्वे कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी त्या चित्रपट-प्रयोगशाळेत फिल्म पुसण्या-निवडण्याच्या कामाला लागल्या आणि पुढे पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीत कापणी-जोडणी शिकल्या. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर शिक्षण खात्याच्या चित्रपट विभागात त्यांची वेर्तोव यांच्याशी गाठ पडली. वेर्तोव यांनी जोडायला दिलेले बोटभर लांबीचे तुकडे तिथल्या बायकांनी कचरा समजून फेकून दिले आणि स्विलोवांना वेर्तोव यांची दया आली, अशी आठवण सांगतात. १९२२ मध्ये वेर्तोव, त्यांचे कॅमेरामन भाऊ मिखाईल काउफमान आणि स्विलोवा यांचे ‘तिघांचे मंडळ’ झाले. ‘किनो-प्राव्दा’ या वार्तापटाचे २३ अंक त्याच काळातले.

त्यांची कामाची रीत पाहायची तर वेर्तोव यांचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) हाच चित्रपट पाहावा, कारण त्यात त्या स्वतःच दिसतात. भरधाव घोडा अचानक थिजतो. रस्त्यावरची माणसेही थिजतात. मग कडेच्या छिद्रांसकट फिल्मच्या पट्ट्या दिसतात, फळीवर विषयवार चिठ्ठ्या लावलेली रिळे दिसतात आणि मेजाशी बसलेल्या स्विलोवा. त्या पट्टी उजेडासमोर धरतात, कापतात, जोडतात. पट्टीवरचे गोठलेले मूल हलू लागते. संहिता नाही, नट नाहीत, दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्याही नाहीत. सुमारे १,७०० तुकड्यांना अर्थ येतो तो शेजारच्या तुकड्यामुळे. अशा कामात वेगाइतकीच स्मरणशक्ती लागते: कोणता चेहरा कोणत्या रिळात आहे, हे ठाऊक असावे लागते. एवढे करून श्रेयनामावलीत त्यांचा हुद्दा काय, तर ‘संकलन साहाय्यक’!

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शन केले. मुक्त झालेल्या आउश्वित्झ छळछावणीत सोव्हिएत कॅमेरामननी टिपलेल्या चित्रणातून त्यांनी १९४५ मध्ये माहितीपट रचला. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यावरील ‘लोकांचा न्याय’ या चित्रपटात त्या सोव्हिएत अनुबोधपटकार रोमान कार्मेन यांच्या सहकारी होत्या. जिथे चित्रणच साक्षीला उभे असते, तिथे जोडणीची करामत दाखवली की प्रेक्षक शंका घेऊ लागतो. १९२९ च्या त्या चमकदार हाताला इथे आवरून राहावे लागले असणार.

१९५४ मध्ये वेर्तोव वारले. त्यानंतर स्विलोवांनी त्यांची टिपणे, पत्रे, छायाचित्रे सांभाळली, लावली आणि त्यांतला काही भाग व्हिएन्नातील ऑस्ट्रियन फिल्म म्युझियमकडे सोपवला. लेनिनवरील ‘तीन गाणी’ (१९३४) या चित्रपटाची मोडतोड झालेली प्रत १९७० मध्ये पुन्हा जुळवण्यात आली, तेव्हा वयाच्या सत्तरीत त्या पुन्हा संकलनाच्या मेजाशी बसल्या होत्या.