‘एक्स’ भडका म्हणजे पृथ्वीवर वादळ? नाही

‘सूर्यावर एक्स वर्गाचा भडका, दोन दिवसांत मोबाईल बंद’ हा मेसेज कोल्हापूरच्या ग्रुपांवर दर काही महिन्यांनी फिरतो. त्यात दोन वेगळ्या घटनांची सरमिसळ आहे. एक्स हा भडक्यांचा सर्वांत वरचा वर्ग, पण तो फक्त क्ष-किरणांच्या तीव्रतेचा. मोठं भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, येतं ते बहुतेकदा प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) ढग, म्हणजे सीएमई, सूर्यावरून सुटून पृथ्वीकडे आला तर.

ऑक्टोबर २०१४ मधला सूर्यावरचा १२१९२ क्रमांकाचा डागसमूह बघा. सौरचक्र २४ (सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउतारांचं चोविसावं आवर्तन) मधला सर्वांत मोठा. त्याने सहा एक्स भडके दिले, सर्वांत मोठा एक्स३.१ (आपल्याकडे तेव्हा २५ तारखेची, भाऊबीजेची पहाट होती). सीएमई? सहांपैकी एकातूनही नाही.

कारण वरचं चुंबकीय क्षेत्र. पिळलेल्या चुंबकीय रेषांचा दोर वर उसळू पाहतो, वरच्या कमानी त्याला दाबून धरतात. ट्रॉलीतल्या उसावर आवळलेल्या दोरखंडासारख्या. प्रश्न कमानी किती बळकट एवढाच नाही, उंचीनुसार त्यांचं बळ किती झपाट्याने घटतं हाही आहे. ही घट मोजणारा आकडा, घट-निर्देशांक, साधारण १.५ ओलांडला की दोर निसटतो. १२१९२ मध्ये ही मर्यादा फार उंचावर होती. रेषा तुटून जुळल्या, ऊर्जा उष्णता-प्रकाशात गेली, पदार्थ आतच राहिला.

मात्र कोंडलेला भडकाही अगदी निरुपद्रवी नसतो. क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात, दिवसा असलेल्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ काही काळ बसतो. मोबाईलचा त्याच्याशी संबंध नाही.

मेसेज आला तर वर्ग बघू नका. कॉरोनाग्राफच्या (सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा भाग टिपणाऱ्या दुर्बिणीच्या) चित्रात ढग निघालाय का आणि दिशा कुठली, ते बघा.